क्वांटमने आरएसए फोडलं? आधी आकडा बघा

२२,६९,७५३.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभर एक मथळा फिरला: चिनी शास्त्रज्ञांनी क्वांटम कॉम्प्युटर वापरून लष्करी दर्जाचं एनक्रिप्शन फोडलं. आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे निम्मी मंडळी आयटीत आहेत, "बँकेतले पैसे काढून घ्या रे" असा फॉरवर्ड आला आणि त्याला अकरा अंगठे मिळाले. मथळा सगळ्यांनी वाचला. नेमकं काय फोडलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

वर दिलाय तो आकडा फोडला. शांघाय विद्यापीठातल्या वांग चाओ यांच्या गटाने डी-वेव्ह कंपनीचं क्वांटम यंत्र वापरून २२,६९,७५३ या पूर्णांकाचे दोन मूळ अवयव शोधले. सात अंकी संख्या. रुपयांत धरली तर एखाद्या बऱ्या एसयूव्हीची ऑन-रोड किंमत. बिटच्या भाषेत २२ बिट.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. हा आकडा आपणही फोडू.

२२,६९,७५३ चं वर्गमूळ काढा. १५०६.५७ च्या आसपास येईल. त्याच्या पुढचा पूर्ण आकडा १५०७. त्याचा वर्ग २२,७१,०४९. त्यातून आपला आकडा वजा करा. उरले १,२९६. आणि १,२९६ म्हणजे ३६ चा वर्ग. झालं! दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे शाळेतलं सूत्र आठवतंय ना? १५०७ − ३६ = १४७१ आणि १५०७ + ३६ = १५४३. गुणून बघा: १४७१ × १५४३ = २२,६९,७५३.

क्वांटम यंत्र लागलं नाही. लॅपटॉपही लागला नाही. या पद्धतीचं नाव फर्माची पद्धत. सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. बहुतेक वेळा १५०७ नंतर १५०८, १५०९ असं पुढे जात राहावं लागतं, उरलेली संख्या पूर्ण वर्ग होईपर्यंत. इथे पहिल्याच पायरीवर काम झालं, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या फार जवळ आहेत. हे "जवळ असणं" लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

संशोधकांवर माझा राग नाही. छोट्या आकड्यावर नवी पद्धत करून बघणं हेच संशोधन असतं, आणि २२ बिट हा आकडा त्यांनी लपवलाही नव्हता. मथळा लिहिणाऱ्यांनी मात्र तो सोयीस्करपणे वगळला.

६१७ अंकी कुलूप

आता दुसरा आकडा. तो २५१९५९०८४७५६५७८९३४९४ असा सुरू होतो आणि ६१७ अंकांपर्यंत जातो. नाव आरएसए-२०४८, कारण तो बायनरीत लिहायला २०४८ बिट लागतात. आरएसए लॅबोरेटरीज या अमेरिकी संस्थेने अवयव पाडण्याची खुली स्पर्धा ठेवली होती. त्यातला हा सगळ्यात मोठा आकडा, बक्षीस २ लाख डॉलर. २००७ मध्ये स्पर्धा गुंडाळली, बक्षीस गेलं, पण आकडा जागेवरच आहे. त्याचे दोन अवयव आजवर जाहीरपणे कुणीही दाखवलेले नाहीत.

या जातीचे आकडे तुमच्या रोजच्या वापरात आहेत. आधार कार्डावरचा सुरक्षित क्यूआर कोड स्कॅन केला की त्यात शेवटी २५६ बाइटची डिजिटल सही असते. २५६ गुणिले ८ म्हणजे २०४८ बिट. म्हणजे तीही याच आकाराच्या आरएसए आकड्याच्या भरवशावर. लॅपटॉपवर क्रोममध्ये एखाद्या साइटच्या प्रमाणपत्राचा तपशील उघडलात तर काही ठिकाणी "मॉड्युलस (२०४८ बिट)" असं लिहून खाली अंकांची लांबलचक रांग दिसेल. ती लपवलेली नसते, सगळ्या जगासाठी उघडी असते. गुपित एवढंच की ती रांग कुठल्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आली. ज्याला त्या दोन संख्या सापडतील तो त्या साइटच्या नावाने सही करू शकेल.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी ही कल्पना मांडली. आरएसए हे नाव त्यांच्या आडनावांवरून आलं. पाया अगदी साधा आहे: दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार सोपा, उलट जाणं अवघड. गंमत म्हणजे हे "अवघड" आहे असं आजपर्यंत कुणी सिद्ध केलेलं नाही. अर्ध्या जगाची डिजिटल कुलपं "अजून कुणाला जमलेलं नाही" या एका वाक्यावर टिकून आहेत. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला जरा गरगरलंच होतं.

आरएसए-२०४८ बद्दल मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट वेगळी आहे. त्याचे अवयव कुणी दाखवलेले नाहीत, तरी तो मूळ संख्या नाही हे आपण खात्रीने सांगू शकतो. एकही अवयव न सापडता! ते कसं?

इथेही फर्माच. त्याचा एक छोटा सिद्धांत सांगतो की २ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करा, २ चा तेवढा घात काढा आणि त्याला त्या मूळ संख्येने भागा, बाकी १ च राहते. ७ घ्या: २ चा ६ वा घात ६४, ७ ने भागून बाकी १. बरोबर. आता १५ घ्या: २ चा १४ वा घात १६,३८४, १५ ने भागून बाकी ४. एक नाही, चार. म्हणजे १५ मूळ नाही. इथे आपण ३ किंवा ५ चं नावही काढलं नाही, तरी निकाल लागला. आरएसए-२०४८ वर हीच चाचणी मी पायथॉनमध्ये एका ओळीत चालवली, उत्तर एका सेकंदाच्या आत आलं: बाकी १ नाही. म्हणजे कुलूप दोन तुकड्यांचं आहे हे कळलं, तुकडे मात्र कळले नाहीत.

(उलटं मात्र चालत नाही. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ असेलच असं नाही. ३४१ = ११ × ३१ ही संख्या या चाचणीत मूळ असल्याचं सोंग आणते. म्हणून प्रत्यक्षात जास्त कडक चाचण्या वापरतात. आणि कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे शंभर टक्के खात्रीने, वाजवी वेळात ठरवता येतं याची पहिली सिद्धता २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते.)

मूळ आहे का हे तपासणं सोपं आणि अवयव पाडणं अवघड, या फरकावरच आरएसए उभं आहे. किल्ली तयार करताना यंत्र १०२४ बिटची एक यादृच्छिक विषम संख्या उचलतं, तपासतं, मूळ नसेल तर दुसरी उचलतं. या आकाराच्या विषम संख्यांमध्ये साधारण ३५५ मागे एक मूळ निघते, त्यामुळे काम चटकन होतं. आणि त्या संपतील अशी भीतीही नाही. १०२४ बिटच्या मूळ संख्या किती? १ वर साधारण ३०५ शून्य. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज १ वर ८० शून्यांच्या आसपास सांगतात. म्हणजे सगळ्या मूळ संख्यांची यादी करून एकेक लावून बघू, ही आयडिया विसरा.

आकडा मोठा, पण कसा निवडला?

२०२५ मध्ये पुढचा धक्का. वांग चाओ यांच्याच गटाचा आणखी एक शोधनिबंध, आणि शीर्षकातच दावा: डी-वेव्ह यंत्राने आरएसए-२०४८ पूर्णांकाचे अवयव पाडले. आता तर २२ बिट नाही, पूर्ण २०४८ बिट! मग आता घाबरायचं का?

नाही. वर सांगितलेला ६१७ अंकी स्पर्धेचा आकडा हा नव्हे. हा २०४८ बिटचा वेगळा आकडा, खास निवडलेला. त्याचे दोन मूळ अवयव बायनरीत लिहिले तर फक्त दोन बिटमध्ये वेगळे आहेत, बाकी सगळे बिट जुळतात.

आता "जवळ असणं" आठवा. दोन्ही अवयवांत फक्त दोन बिटचा फरक असेल, तर त्यांची वजाबाकी म्हणजे २ च्या कुठल्यातरी दोन घातांची बेरीज किंवा वजाबाकी. १०२४ जागांतून दोन जागा निवडायच्या आणि मध्ये अधिक की उणे ते ठरवायचं, म्हणजे एकूण साधारण साडेदहा लाख शक्यता. प्रत्येक शक्यतेला फर्माचीच युक्ती: वजाबाकी माहीत आहे असं धरा, तिच्या निम्म्याचा वर्ग मूळ आकड्यात मिळवा, पूर्ण वर्ग होतो का बघा. साडेदहा लाख वेळा हे करायला साधा लॅपटॉप पुरतो. चहा होईपर्यंत उत्तर हातात.

म्हणून माझं म्हणणं असं की "किती बिटचा आकडा फोडला" हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा म्हणजे तो आकडा निवडला कसा. चार आकडी सायकल-लॉकचा पासकोड १२३४ ठेवला तर दहा हजार शक्यता असूनही चोराला पहिल्या मिनिटात उत्तर मिळतं. इथेही तसंच.

याच वर्षी पीटर गुटमन आणि स्टेफान नॉयहाउस या दोघांनी या सगळ्या "क्वांटम विक्रमां"ची खिल्ली उडवणारा शोधनिबंध लिहिला. १९८० च्या दशकातला आठ बिटचा घरगुती कॉम्प्युटर, मणी सरकवायची पाटी आणि एक कुत्रा वापरून त्यांनी तेच विक्रम परत करून दाखवले. कुत्रं तीनदा भुंकलं की १५ चा अवयव ३ सापडला. विनोद आहे, पण मुद्दा गंभीर: उत्तर आधीच सोपं करून ठेवलं असेल तर कुठलंही यंत्र हुशार दिसतं.

आणि वाईट निवड फक्त प्रयोगशाळेतच होते असं समजू नका. २०२२ मध्ये हानो बॉक या सुरक्षा-संशोधकाला काही ऑफिस प्रिंटरच्या खऱ्या आरएसए किल्ल्या सापडल्या. आकडे पुरेसे मोठे, पण अवयव जवळजवळचे. तीनशेहून जास्त वर्षं जुनी फर्माची पद्धत लावली आणि फुटल्या. त्याआधी २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि जोड्या लावून मसावि काढला. हो, सहावी-सातवीतला मसावि. दोन वेगळ्या राउटरच्या आकड्यांत एक मूळ संख्या सामायिक निघाली की दोन्ही कुलपं एकदम उघडतात. अशी हजारो उपकरणं निघाली. कारण? चालू झाल्या झाल्या त्या स्वस्त उपकरणांकडे पुरेशी यादृच्छिकता नव्हती, त्यामुळे वेगवेगळी यंत्रं "यादृच्छिक" म्हणून एकच संख्या उचलत होती.

मसाविची ताकद बघायची असेल तर १४,८४,२३९ हा आकडा घ्या आणि आपल्या २२,६९,७५३ शी त्याचा मसावि काढा. मोठ्यातून लहान वजा करत, बाकीने भागत गेलात की सात-आठ पायऱ्यांत १४७१ वर थांबाल. आणि ही युक्ती सहाशे अंकी आकड्यांवरही तितक्याच मजेत चालते.

नीट निवडलेला आकडा फोडायला काय लागतं

साध्या कॉम्प्युटरने प्रामाणिकपणे निवडलेला आजवरचा सगळ्यात मोठा स्पर्धा-आकडा फोडला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. आरएसए-२५०, २५० अंकी, ८२९ बिट. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरचे हजारो प्रोसेसर कोअर जुंपले. एकाच कोअरवर केलं असतं तर साधारण २,७०० वर्षं लागली असती. त्याआधी दोन-तीन महिन्यांपूर्वीच आरएसए-२४० फुटला होता, त्याला साधारण ९०० कोअर-वर्षं. म्हणजे फक्त दहा अंक वाढले आणि खर्च तिप्पट. पुढे प्रत्येक दहा अंकांना तिप्पट असं सरळसोट गणित लागत नाही, वाढ हळूहळू थोडी मंदावते. तरीही २५० पासून ६१७ पर्यंतचं अंतर बघा आणि तुम्हीच ठरवा.

इतिहास मात्र थोडा सावध करतो. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये आरएसए-१२९ हा १२९ अंकी आकडा छापला, तेव्हा तो लाखो-कोटी वर्षं टिकेल असं मानलं जात होतं. १९९४ मध्ये इंटरनेटवरच्या साधारण सहाशे स्वयंसेवकांनी आपापले कॉम्प्युटर जोडून तो फोडला. सतरा वर्षं. यंत्रं वेगवान झाली हे एक कारण, पण गणिती पद्धती सुधारल्या हे त्याहून मोठं.

आणि त्याच १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की खरा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर अवयव पाडणं अवघड राहणारच नाही. युक्ती समजायला परत १५ घेऊ. २ चे घात एकामागून एक काढा आणि प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १, २, ४, ८, १. दर चार पायऱ्यांनी तेच परत येतं. चारचं निम्मं दोन, २ चा वर्ग ४. आता ४ − १ = ३ आणि ४ + १ = ५. आले १५ चे अवयव. मोठ्या आकड्यातही हेच होतं, फक्त ते "परत येणं" किती पायऱ्यांनी हे शेकडो अंकी असतं, साध्या यंत्राला मोजत बसणं अशक्य. क्वांटम यंत्र एकेक पायरी मोजत नाही. ते लाटांसारखं सगळं एकमेकांवर आदळवून ते आवर्तन वर काढतं.

२००१ मध्ये आयबीएम आणि स्टॅनफर्डच्या गटाने सात क्युबिटवर हे करून १५ चे अवयव पाडले. आरएसए-२०४८ ला किती क्युबिट लागतील? २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांचा अंदाज होता २ कोटी क्युबिट, आठ तास. मे २०२५ मध्ये गूगलच्या गिडनींनी नवा हिशोब मांडला: १० लाखांहून कमी क्युबिट, एका आठवड्याहून कमी वेळ.

माझ्या मते खरी बातमी ही आहे. हिला लाल बाणवाले थंबनेल मिळाले नाहीत. सहा वर्षांत गरज वीस पटींनी खाली आली, आणि तीही नवं यंत्र न बांधता, निव्वळ चांगल्या पद्धतीने. आरएसए-१२९ च्या बाबतीत जे झालं तसंच.

यंत्रं अजून लांब आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या विलो चिपमध्ये १०५ क्युबिट. आयबीएमच्या काँडरमध्ये हजारापेक्षा थोडे जास्त. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले, त्याचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिट. १० लाख कुठे, १,००० कुठे. पण एका बाजूने यंत्र वाढतंय आणि दुसऱ्या बाजूने गरज घटतेय. दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या कुठे भेटतील याची तारीख सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो २०२७ म्हणो की २०५०.

मग तुमच्या फोनचं काय?

आधी एक गैरसमज. "आरएसए फुटलं म्हणजे व्हॉट्सॲप फुटलं" असं नाही, कारण व्हॉट्सॲप चॅटसाठी आरएसए वापरतच नाही. तिथे एलिप्टिक कर्व्ह नावाचं वेगळं गणित आहे. पण हुरळून जाऊ नका, शोर यांची युक्ती त्यालाही लागू पडते. फाइल किंवा मेसेज प्रत्यक्ष गुंडाळणारं एईएस मात्र क्वांटमसमोरही बऱ्यापैकी टिकतं. धोका आहे तो किल्लीची देवाणघेवाण आणि सही या दोन ठिकाणी.

आणि या दोघांचा हिशोब वेगवेगळा आहे. यूपीआयचा ओटीपी काही मिनिटांत मरतो. पंधरा वर्षांनी कुणी तो उघडला तरी त्याला काय मिळणार? डिजिटल सहीही आज फोडता येत नसेल तर आजचा व्यवहार सुरक्षित. पण सातबाऱ्यावरची किंवा खरेदीखतावरची सही दहा-वीस वर्षांनी कोर्टात दाखवायची वेळ येऊ शकते, तेव्हा कुलूप कमकुवत झालेलं असेल तर खोटी सही बनवता येईल. अशा सह्या वेळेत नव्या पद्धतीने करून घेणं हे सरकारचं काम, तुमच्या-माझ्या हातात ते नाही.

चॅट, फोटो, मेडिकल रिपोर्ट यांचं तसं नाही. आज तारेवरून जाणारा एनक्रिप्टेड डेटा कुणीही जमा करून ठेवू शकतं आणि यंत्र तयार झालं की उघडू शकतं. आज तुम्ही १९ वर्षांचे असाल आणि एखाद्या आजाराबद्दल, नात्याबद्दल किंवा राजकीय मताबद्दल कुणाशी मोकळेपणाने बोलत असाल, तर ते पस्तिसाव्या वर्षी उघडं पडलेलं चालेल का? सगळ्यांचं सगळं कुणी साठवत बसणार नाही, तेवढी जागा आणि पैसा लागतो. पत्रकार, कार्यकर्ते, सैन्यातले लोक, मोठ्या कंपन्यांचे अधिकारी यांनी मात्र हे गंभीरपणे घ्यायला हवं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्हीही.

इलाज सुरू झालाय, आणि तुम्ही तो नकळत वापरतही असाल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने क्वांटमसमोर टिकतील असे पहिले तीन मानक जाहीर केले. किल्ली-देवाणघेवाणीच्या मानकाचं नाव एमएल-केम. त्यात अवयव नाहीत, मूळ संख्या नाहीत, लॅटिस नावाच्या अनेक मितींच्या जाळीवरचं गणित आहे. त्याच संस्थेच्या मसुद्यानुसार आरएसए-२०४८ ची शिफारस २०३० नंतर थांबेल आणि २०३५ नंतर वापरच बंद. सिग्नलने २०२३ मध्ये, ॲपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये आणि डेस्कटॉप क्रोमने त्याच वर्षी नव्या पद्धतीची किल्ली-देवाणघेवाण सुरू केली. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या सुरक्षेच्या टॅबमध्ये, समोरच्या साइटनेही हे सुरू केलं असेल तर, एमएल-केमचं नाव दिसतं.

गंमत म्हणजे जुनं गणित काढून टाकलेलं नाही. दोन्ही एकत्र चालतात, एक तुटलं तरी दुसरं टिकावं म्हणून. ही काळजी उगाच नाही. २०२२ मध्ये निस्टच्या स्पर्धेत बरीच पुढे पोहोचलेली साईक नावाची "क्वांटम-सुरक्षित" पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर साधारण तासाभरात फोडली होती. नवं म्हणजे भक्कम असं नसतं. त्यामुळे प्ले स्टोअरवर कुठलंही "क्वांटम-प्रूफ" व्हीपीएन दिसलं आणि त्यात कुठली पद्धत वापरली हे लिहिलेलं नसेल, तर पैसे देऊ नका.

फोनवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ती कंटाळवाणी आहे: ॲप अपडेट. घरात आई-बाबांकडे किंवा आजोबांकडे तुमचा जुना फोन गेला असेल, ज्याला अँड्रॉइडचे अपडेट दोन-तीन वर्षांपूर्वीच थांबलेत, तरी त्यावरचे ब्राउझर आणि मेसेजिंग ॲप बहुधा प्ले स्टोअरवरून अजून अपडेट होतात. बरेचदा "डेटा संपतो" म्हणून तिथे ऑटो-अपडेट बंद केलेलं असतं. पुढच्या वेळी घरी गेलात की वायफायवर ते चालू करून द्या.